परबबाईंचं इंजिन

आमच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या मोटार विभागाच्या निदेशिका सुनंदा परब यांना या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथात वायरमन विभागाचा निदेशक म्हणून मी चार शब्द लिहावेत, अशी विनंती आमचे कार्यवाह दिलीपराव यांनी केली. "जरा गोड लिहा," असंही त्यांनी सुचवलं. विनंतीला मान देतो आहे. सूचना पाळणं मला जमेलसं वाटत नाही.

बाईंची आणि माझी पहिली भेट संस्थेच्या फाटकात झाली. नेमणुकीचा कागद घेऊन त्या उभ्या होत्या आणि आमचे शिपाई त्यांना मोठ्या अदबीनं शिवणकामाच्या वर्गाकडे घेऊन निघाले होते. बाई म्हणजे शिवणकामच, असा सगळ्यांचाच समज. मी मागोमाग गेलो. परबबाईंनी वाद घातला नाही. तिथं एक विजेचं शिलाई मशीन बंद पडलं होतं, त्याच्या पायाखालच्या खटक्याची सैल तार त्यांनी घट्ट केली, मशीन चालवून बघितलं आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "आता माका मोटारींची शेड दाखवा." शेड मीच दाखवली.

त्या शेडमध्ये तेव्हा जुनी इंजिनं होती, ज्यांचा तारांशी फारसा संबंध नाही. बाहेर रस्त्यावर मात्र सेन्सरच्या गाड्या आल्या होत्या आणि आमची मुलं त्यांचं बॉनेट उघडून नुसती बघत राहायची. बाईंनी बांद्याजवळ महामार्गाच्या कडेला गंजत पडलेल्या एका अपघातग्रस्त गाडीच्या मालकाला गाठलं, तिचं इंजिन तारांसकट मागून आणलं आणि शेडच्या मधोमध जमिनीत चार बोल्ट आवळून बसवलं. शेजारच्या फळीवरचं वायरिंग माझं. एक खटका दाबला की एका सेन्सरची तार तुटल्यासारखी होई, दुसरा दाबला की अर्थिंग कमजोर. खटक्यांचे रंगीत लाकडी गोळे सावंतवाडीच्या एका खेळणीवाल्यानं कातून दिले होते. बाई मुलांना बाहेर काढत, गुपचूप एक खटका दाबत आणि मग आत बोलावून म्हणत, "शोधा." इंजिन खोकत असे आणि मुलं मीटर घेऊन त्याच्याभोवती फिरत असत.

बाईंचा नियम एकच होता. "आदी मोज, मगे बदल." तपासणीचं यंत्र सेन्सरचं नाव दाखवतं म्हणून सेन्सर दोषी ठरत नाही, त्याच्याकडे जाणारी तारही तपासावी लागते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या डोक्यात घातलं. आमच्या खाऱ्या हवेत तार वरून धडधाकट दिसते आणि आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली असते.

एकदा मालवणहून गोव्याला मासळी नेणारे एक पिकअपवाले शेडवर आले. इन्सुलीच्या तपासणी नाक्याच्या अलीकडे त्यांची गाडी दर खेपेला दम टाकायची. "बाईंनू, धुराड्याचो सेन्सर दोनदा बदललंय, तरी गाडी चढाव चढणा नाय," ते रडकुंडीला येऊन सांगत होते. बाईंनी मोजलं, सगळं ठीक. त्या म्हणाल्या, "आता गाडी रिकामी आसा. रिकामी गाडी खोटा बोलता. मासळी भर, बर्फ घाल आणि मगे ये."

दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी शेडमध्ये उभी राहिली. साऱ्या संस्थेला वास. बाईंनी सेन्सरच काढून बाजूला ठेवला आणि नुसत्या तारेवर मीटर लावला. पाच व्होल्ट. बर्फाचं पाणी ठिबकायला लागलं तसा काटा घसरत गेला. सेन्सर तर बाकावर पडलेला, म्हणजे चोर तारेतच. बाई गाडीखाली शिरल्या. बर्फाचं पाणी जावं म्हणून मालकांनीच हौदाला भोक पाडलं होतं आणि ते खारट पाणी नेमकं तारेच्या जोडावर पडत होतं. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाई हसल्या नाहीत. जोड नवा केला, भोकाला नळी लावून पाणी बाजूला काढून दिलं आणि मुलांना म्हणाल्या, "गाडी जशी चलता तशी तपासा."

माझे वडील गोव्याच्या हॉस्पिटलात होते तेव्हा महिनाभर माझे तास बाईंनी घेतले. मी परत आलो तर मुलं माझ्यापेक्षा बरं अर्थिंग करत होती. आभार मानायला गेलो तर बाईंनी चहा पुढे केला आणि वडिलांना भात जातो का, ते विचारलं.

आता गोड संपलं. मोटार विभाग बंद करून शेडचं भाड्यानं देण्याजोगं सभागृह करायचं, असं संस्थेनं ठरवलं. बाई म्हणाल्या, सत्कार नको, इंजिन तेवढं ठेवा, निवृत्त झाल्यावरही मी येऊन शिकवीन. दिलीपराव बाईंचेच विद्यार्थी. त्याच इंजिनाभोवती फिरून शिकले, आज गाड्यांच्या शोरूमचे मालक आहेत. भर सभेत उठून ते म्हणाले, "बाई, इंजिनाला हात लागणार नाही." त्या शब्दावर बाईंनी सत्काराला होकार दिला.

रविवारच्या सुट्टीनंतर शेड उघडली तर आत मंडपवाल्याच्या सतरंज्या होत्या आणि इंजिन नव्हतं. बाई मीटर हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. दिलीपराव म्हणाले, "अनवधानानं झालं, बाई. भंगारवाल्यानं जास्तीचं उचललं."

"चार बोल्ट होते रे, दिलीप," बाई म्हणाल्या. "माझ्या हातान आवळलेले. ते काय चुकान सुटले?"

दिलीपराव फोनमध्ये बघायला लागले. मला त्या क्षणी त्यांचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. मी तसाच बांद्याला भंगारवाल्याकडे गेलो. इंजिन फोडून झालं होतं. ॲल्युमिनियम वेगळं, लोखंड वेगळं. त्याच आठवड्यात दिलीपरावांनी मुखपृष्ठासाठी बाईंचा इंजिनाशेजारचा फोटो मागवला. तोच फोटो आपल्या हातातल्या ग्रंथावर आहे. इंजिन छान दिसतं आहे.

फळी तेवढी शेडच्या मागे पडलेली सापडली. ती मी बाईंच्या इन्सुलीच्या घरी पोचवली. बाईंनी ती पडवीत टांगली आहे. गोळ्यांचे रंग अजून चांगले आहेत. खटके दाबले तर काही होत नाही.

समारंभाला बाई येणार आहेत. दिलीपरावांना त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, "मी येतलंय. पोरां लांबसून येतली, तेंका बघूक येतलंय. पण माझी खुर्ची थंय मधी मांडू नको." तरीही व्यासपीठ मधोमधच घातलं जाईल, कारण सभागृहाचा मध्य तोच आहे. हार घालायला वर जाल तेव्हा लाल गालिच्याखाली चार भोकं आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. डोळे शाबूत राहोत, बोटं थरथरू नयेत, गुडघ्यांनी गाडीखाली शिरण्याइतकी साथ द्यावी. काल दोन मुलं माझ्याकडे आली होती, सेन्सरची तार कशी तपासायची ते शिकायला. मी त्यांना तुमच्या पडवीचा पत्ता दिला. दुसरा कुठला देणार?