फोटो निघेपर्यंत

"आणा इकडे, फोटो निघेपर्यंत माह्या गळ्यात राहील," म्हणत आमच्या एक्सरे सेंटरातल्या ताई हात पुढे करायच्या.

पाठीच्या एक्सरेला गळ्यात धातू चालत नाही. पण बायांना मंगळसूत्र काढायला सांगून पाहा, तुम्हालाही कळेल. टेबलावर ठेवू म्हटलं की चेहराच उतरतो. म्हणून ताई ते स्वतःच्या गळ्यात घालायच्या. "कावून भेता? खाली थोडीच ठेवून राहिली मी!" उतई गावाकडच्या बायांना हेच छत्तीसगढीत सांगायच्या.

एकदा कुरुदची एक बाई फोटो चांगला आल्याच्या आनंदात मंगळसूत्र विसरून घरी गेली. ताई दिवसभर दोन घालून फिरल्या. "दोन नवऱ्यांचा सैपाक कोण करन वं?"

माझा नवरा गेल्यावर मला या सेंटरात त्यांनीच लावलं, काम शिकवलं. मंगळसूत्र घ्यायची वेळ आली की मी त्यांना हाक मारायचे. त्यांनी कारण कधी विचारलं नाही.

पूर्वी त्यांचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. त्या बऱ्याही झाल्या होत्या. मग पाठ दुखू लागली. "पेशंट उचलून दुखत असन," म्हणत त्यांनी बरेच दिवस काढले. शेवटी स्वतःच फोटोला आल्या आणि गळ्यातलं काढून माझ्यापुढे धरलं.

"ताई, मले नका देऊ."

"घाल चुपचाप. तुह्यानं माह्यं काही वाईट नाही होत."

मी घातलं. एका कुशीवर झोपवून फोटो घेतला. पडद्यावर खालचे-वरचे मणके चांगले होते, मधला एक दबून चपटा झाला होता. ताई उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वयानं दबला असन," मी म्हणाले.

"मलेच शिकवून राहिली का? परत आलं ते."

मला काहीच वाटलं नाही. मी टेबल पुसलं. मंगळसूत्र काढू लागले तर म्हणाल्या, "राहू दे. रायपूरले एमआरआय कराचा हाय, तिथंही काढाच लागते. आली का घेईन."

रायपूरला त्यांना भरतीच करून घेतलं. खाली ठेवायचं नाही, म्हणून मी ते कुर्त्याच्या आत घालूनच राहिले. घरी सासूबाईंनी पाहिलं आणि माझं ताट वाढायला घेतलं.

एका सकाळी ताईंचे यजमान सेंटरात आले. "तिच्या गळ्यात घालाचं हाय. मंग घाटावर नेतो तिले," एवढंच म्हणाले. मी काढून त्यांच्या हातात दिलं. तेव्हाही मला रडू आलं नाही.

बाकावर एक बाई पदर गच्च धरून बसली होती. तिला आत घेतलं.

"आणा इकडे," मी म्हणाले.