वाढणाऱ्याचं जेवण

बिलाबरोबर बडीशेपेची वाटी आली, की तिच्या वासासरशी मला भांडगावजवळचं, हायवेवरचं ते हॉटेल आठवतं. कंपनीतला पहिला पगार झाला म्हणून मी वडिलांना तिथं दुपारचं जेवायला नेलं होतं. आत कूलरचा गार वारा, तंदूरचा धुरकट वास, बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची घरघर. वडिलांच्याच वयाचे एक वेटर ‘घ्या की अजून’ म्हणत मायेनं वाढत होते. जेवण झाल्यावर मी ऐटीत पन्नासची नोट बिलावर ठेवली. वडिलांनी विचारलं, “हे कशापायी?” म्हटलं, “टीप असती, आप्पा. त्यांनी वाढलं म्हणून.” वडील माझ्याकडं बघतच राहिले. “वाढणाऱ्याला पैसं? आरं, आपली पंगत उठली की वाढप्यांना बसवायचं असतं!” आणि खरंच उठले, स्वतःची खुर्ची पुढं सरकवून वेटरना म्हणाले, “पाव्हणं, बसा आता. आम्ही वाढतो.” शेजारच्या टेबलावरचे हसले. वेटरनी गल्ल्यावरच्या मालकाकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, “आमची जेवणं चारला असत्यात, आप्पा.” वडील पुन्हा खाली बसले. “मग थांबू की चार वाजस्तवर.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, दंडाला धरून त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. आता वडील नाहीत. टीप मी न चुकता ठेवतो, चांगली सढळ हातानं ठेवतो. पण वाढणाऱ्याला ‘तुम्ही जेवलात का?’ एवढं विचारायला माझी जीभ अजून रेटत नाही.