नव्या टाइपरायटरची पूजा

अकोल्याच्या आमच्या कचेरीत माझा इंग्रजी टाइपरायटर एकटाच खडखडत असे. महाराष्ट्र झाला, कारभार मराठीतून करायचं ठरलं आणि काही वर्षांनी शेजारच्या टेबलावर दुसरा, मराठी टाइपरायटर आला. जुना मात्र हलवला नाही. मराठीवर एवढा भरवसा कुणाचाच नव्हता.

नव्या मशीनसाठी पातूरचा एक तरुण परीक्षेला बोलावला होता. पास झाला तर नोकरी. पण त्याआधी साहेबांना उद्घाटन हवं होतं. त्यांनी मातृभाषेवर लांबलचक भाषण केलं, मशीनला हार घातला, कळांवर हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ टेबलाच्या कडेवरच फोडला. पाणी थेट मशीनमध्ये गेलं. टाळ्या झाल्या.

मग तरुण टाइप करायला बसला. हात सराईत होता, पण दोन ओळींतच कळा चिकटू लागल्या. तो एकेक कळ बोटानं वर काढायचा आणि पुन्हा मारायचा.

"कावून थांबून राहिला रे?" हेडक्लार्कनं विचारलं.

"कुंकू भिजलं ना जी आत. पुसू द्या मले जरासं."

"पूजेचं कुंकू पुसते का कोणी आजच्या दिवशी?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मशीन कोरं करकरीत आहे," ते म्हणाले. "वेग हाताचाच कमी."

नारळ कुठे फुटला ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण त्या वेळी प्रत्येकाच्या तोंडात त्याचंच खोबरं होतं. तरुणानं लाल झालेली बोटं रुमालाला पुसली आणि शिपायाला पातूरच्या एसटीची वेळ विचारली.