बिनअटीचा प्रोग्रॅम

जगन्नाथ लहानपणापासूनच वस्तू देऊन मोकळा होणारा. शाळेच्या सहलीला गेला की डबा वाटून स्वतः उपाशी घरी यायचा. अरुंधतीबाईंना त्याची कायम धास्ती. त्या स्वतः बी.ए. झालेल्या, नवऱ्यामागे जालन्यात एकटीने संसार रेटलेल्या. कॉम्प्युटर शिकून मुलगा पुण्याला न जाता घरी परतला, तेव्हाही त्यांना आनंदाआधी काळजीच वाटली.

२००३ साली त्याने अडत दुकानांसाठी मराठीत प्रोग्रॅम लिहिला. शेतकऱ्याच्या मालाचं वजन आणि भाव टाकला की हिशेबाची छापील पट्टी हातात. अमावस्येला बाजार बंद, म्हणून त्या दिवशी पट्टी निघणारच नाही, अशी सोयही केली. मग मूळ कोडसकट तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवायचं ठरलं, आणि तो कुणी कसा वापरायचा हे सांगणारं लायसन्स कोणतं लावायचं यावरून त्याचा मित्र वसंता भांडायलाच बसला.

"अट टाक. जो बदल करून पुढं देईल, त्यानं आपला कोडबी उघडा द्यायचा. बियाणं नेणाऱ्यानं पुढच्याला न्हाई म्हणायचं न्हाई, ही तुझ्या आजोळची रीतच हाय की."

"द्यायचं अन् वर पहाराबी करायचा का? वापरू दे, विकू दे. माझं नाव तेवढं ठेवा म्हणावं, बास."

"काकू, ह्याचं लग्न करू नका. लेकरंबी वाटून टाकील हा."

अरुंधतीबाई हसल्या खऱ्या, पण मनातून त्या वसंताच्याच बाजूच्या. जगन्नाथने मात्र बिनअटीचंच लायसन्स लावलं.

दोन वर्षांनी आष्टीहून काकासाहेब नावाच्या एका अनोळखी अडत्याचा फोन आला. "जगन्नाथराव, बाजार भरून राह्यलाय, गाड्या खोळंबल्यात, अन् तुमचा कॉम्प्युटर म्हणतो आज अमावस्या."

क्वचित अमावस्या दोन दिवसांवर येते. बाजार पहिल्याच दिवशी बंद राहतो, प्रोग्रॅमने दोन्ही दिवस धरले होते. जालन्यातल्या दुकानांत जगन्नाथने ही चूक सकाळीच दुरुस्त केली होती. पण आष्टीत त्याने प्रोग्रॅम बसवलाच कधी होता? तो मोटारसायकल काढू लागला. चेहरा बघून अरुंधतीबाईंना त्याला एकटं सोडवेना, त्या मागे बसल्या.

दुकानात पडद्यावर चौकटी त्याच, रंग तेच, शब्दसुद्धा तेच. वर मात्र कुठल्याशा कंपनीचं नाव.

"कंपनीकडून घेतला," काकासाहेब म्हणाले. "त्यांचा माणूस फोन उचलंना. खाली कोपऱ्यात तुमचं नाव अन् नंबर दिसला, म्हणून तुम्हाला लावला. बघा, जल्दी करा."

जगन्नाथने बराच वेळ खटपट केली. आत जायला वाटच नव्हती. कंपनीने कोड बंद करून टाकला होता. स्वतःच लिहिलेल्या ओळीतली स्वतःची चूक त्याला दुरुस्त करता येईना.

अरुंधतीबाई पुढे झाल्या. "ही चोरी आहे जगू. पोलिसांत जाऊ आपण."

"चोरी नाही आई. नाव ठेवलंय त्यांनी. मी सांगितलं तेवढंच केलंय."

चोर असता तर अरुंधतीबाईंना त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

काकासाहेब हाताने पट्ट्या लिहायला बसले. पोत्यांपाशी उन्हात उभी माणसं एकेक करून पुढे सरकू लागली.

घरी वसंता वाट बघत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "आता तरी अट टाक. दुरुस्तीपासूनच सुरू कर."

"अट टाकली तर कंपनी ही दुरुस्ती उचलणार न्हाई. उचलली तर तिला सगळा कोड उघडावा लागंल. मंग आष्टीत पुन्हा हेच."

"होऊ दे. अडू दे त्यांचं."

"कंपनीचं काय अडतंय? आज उन्हात कोण उभं होतं, ते बघून आलोय मी." जगन्नाथ कॉम्प्युटरपाशी गेला. "इथून पुढचं सगळं काम अटीवर. पण ही चूक माझी हाय. तिची दुरुस्ती मोकळीच जाईल."

आणि त्याने ती जुन्याच लायसन्सखाली इंटरनेटवर टाकलीसुद्धा. वसंता चपला घालून निघून गेला.

अरुंधतीबाई दाराला धरून उभ्या होत्या. सकाळपासूनचे सगळे धक्के एकीकडे, आणि हा एकीकडे. "आणि हीसुद्धा त्यांनी विकली तर?"

"विकतीलच," तो म्हणाला आणि हात धुऊन पानावर बसला.

त्यांनी त्याला वाढलं. स्वतःचं पान मात्र तसंच झाकून ठेवलं.