ब्लूटूथला अहिराणी शिकवणारे दाजी

माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे धुळ्याचे दाजी, यांच्याइतका आनंदाने लुबाडला जाणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. भाजीवाल्याने भाव सांगितला की हे त्यालाच विचारतात, "परवडतं ना तुला?" मी जळगावात पाइपांचा धंदा नुसत्या घासाघिशीवर उभा केला. असा माणूस नात्यात असणं माझ्या तब्येतीला सोसत नाही.

दाजी चालत नाहीत, तरंगतात. दूध आणायला गेलेले दाजी पांझरेच्या काठी सापडतात, रिकामी पिशवी धरून पाण्याकडे बघत. काय चाललंय म्हटलं, तर म्हणतात, "यंत्राने वाट कशी पाहायची, ते ठरवतोय." हे यंत्र म्हणजे अक्काचा ई-रीडर. अक्का पुस्तकांवर जगणारी बाई. संधिवाताने बोटं आखडली, पुस्तक धरवेना, म्हणून मी तो घेऊन दिला, अर्थात भाव पाडून. पुढे पान उलटायला काचेवर बोट टेकवणंही तिला जमेना. मग पॉलिटेक्निकातून निवृत्त झालेल्या दाजींच्या मनात आलं, की पायाखाली एक ब्लूटूथचं बटण असावं आणि त्याने पान उलटावं. यंत्रात ब्लूटूथची चिप होती, पण वाचनाच्या प्रोग्रामला तिच्याशी बोलता येत नव्हतं. ते बोलणं शिकवणारी सॉफ्टवेअरची लायब्ररी दाजी लिहू लागले. म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्रामला जोडावा असा तयार आज्ञांचा संच. आज्ञांची नावं मात्र अहिराणीत. आसपास कोणी आहे का, हे विचारणारी आज्ञा 'शे का', आणि सगळ्यांना मोकळं करणारी 'बठ्ठा सोड'. यंत्राला घरातलं वाटावं, एवढंच त्यांचं कारण.

पहिल्यांदा 'शे का' सोडलं त्या दिवशी शेजारी हळद होती, आणि बटणाआधी मांडवातल्या स्पीकरनेच ओ दिली. गाणं मधेच तुटलं, नाचणाऱ्या बायका हात वर धरून तशाच उभ्या राहिल्या. नवरीचा मामा तावातावाने फाटकात आला. मी बाह्या सरसावल्या, तर दाजींनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि म्हणाले, "बसा. तुमचा स्पीकर फार मनमिळाऊ आहे."

पुढे यंत्राला बटण सापडलं. अक्का पायाने पानं उलटू लागली, आणि माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. पुण्याचा एक व्यापारी गाठला, तीन बैठकांत त्याला वाकवला. त्याची अट एकच, लायब्ररी फक्त त्याची. सह्यांच्या दिवशी तो जळगावात माझ्या दुकानात येऊन बसला, तेव्हा सहीला आलेले दाजी शांतपणे म्हणाले, की ती कालच सगळ्या जगाला फुकट खुली केली. कुठल्या तरी थंड देशातल्या बाईने लिहिलं होतं, तिच्या भावाचे हात हलत नाहीत. मी व्यापाऱ्यासमोरच आवाज चढवला. दाजी माझ्याकडे वळून म्हणाले,

"अरे भाऊ, तिच्याशी घासाघीस कुठून सुरू करू, ते तू सांग."

तो सल अजून आहे. जन्मभरात मी जुळवलेला सगळ्यात चांगला सौदा होता तो.

परवा धुळ्याला गेलो. अक्काचा पायही आता जड झालाय. ती उशांना टेकून पडलेली, समोर ई-रीडर, ओठांजवळ एक छोटी नळी. दाजींनी फुंकरीवर पान उलटायची सोय केली होती. खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या पांघरुणावर आलेलं. दाजी पायथ्याशी बसून तिच्याकडे बघत होते, नदीकडे बघतात तसे. ही नवी कळही फुकट वाटून झाली, असं त्यांनी सहज सांगितलं. मी नळी बघायला वाकलो होतो. रागाने माझा एक मोठा सुस्कारा सुटला, आणि पान उलटलं.

अक्का हसली. मग हळूच म्हणाली, "थांब ना रे भाऊ. माझं वाचून व्हायचंय अजून."