घंटेवरचा डोत्से

माझा डावा कान जवळजवळ कामातून गेला आहे आणि त्याला डोत्से जबाबदार आहे. आमच्या अत्सुकोपे गावच्या ढोल मंडळात मी मधला ढोल वाजवतो आणि डोत्से माझ्या डाव्या हाताला बसून लोखंडी जोडघंटा वाजवतो. एकीला एक चिकटलेल्या दोन घंटा, एक मोठी, एक छोटी, आणि हातात काठी. लग्न असो, मयत असो, एकच ठेका. ढोल बदलतात, गाणी बदलतात, वाजवणारे ताडी पिऊन नारळाखाली आडवे होतात, पण घंटा बदलत नाही. ती चुकली तर आम्ही सगळे तोंडावर आपटतो.

लोकांना हे कळत नाही. लोक अमेव्होरकडे बघतात. तो मोठा ढोल वाजवतो आणि त्याच्या बोलावर नाचणारे वळतात, थांबतात, खांदे पाडतात. खूश झालेल्या बायका त्याच्या घामेजल्या कपाळावर नोटा चिकटवतात. डोत्सेच्या कपाळावर आजवर फक्त माशा बसल्या आहेत.

त्यालाही मोठा ढोलच शिकायचा होता. तेव्हा मंडळाचा मोठा ढोल त्याच्या मामाकडे होता. मामाने त्याच्या हातात घंटा दिली आणि म्हणाला, "ही पक्की झाली की ढोल देतो." डोत्से दर सुगीला विचारायचा, "मामा, झाली का पक्की?" मामा म्हणायचा, "जवळ आली." मामा अंथरुणाला खिळला तेव्हा डोत्से उशाशी बसून होता. शेवटी मामाने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, "जवळ आली रे," म्हणाला आणि गेला. ढोल अमेव्होरकडे गेला. डोत्से त्यावर कधी एक शब्द बोलला नाही. मी असतो तर पुष्कळ बोललो असतो.

एरवी तो कांदे पिकवतो. आमच्याकडे समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूत लहान कांद्यांचे वाफे असतात आणि त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. डोत्से पाणी घालतानाही ठेक्यात घालतो. मी एकदा त्याला म्हटलं, "एफो, कांद्यांना तरी मोकळं सोड." तो माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला एफो, म्हणजे दादा, म्हणतो. त्याने वर बघितलं नाही. म्हणाला, "फोली, तू मधल्या ढोलावर कालही पुढे पळत होतास."

आता त्याच्या बायकोचं सांगतो, म्हणजे आब्लाचं. आब्लासारखं नाचणारं माणूस आमच्या किनाऱ्यावर दुसरं नाही, आणि हे मी तिच्या नवऱ्याचा मित्र म्हणून सांगत नाही. आमचा नाच जोडीचा. ज्याला जिच्याबरोबर नाचायचं त्याने तिच्यासमोर जाऊन खांदे हलवायचे, ती उठली की दोघांनी मध्ये यायचं. तरुणपणी गावातले सगळे आब्लासमोर खांदे हलवून आले. मीही आलो. डोत्से येऊ शकला नाही, कारण त्याच्या हातात घंटा होती. मग एका लग्नात आब्लाच सरळ वाजवणाऱ्यांच्या रांगेसमोर आली आणि तिथेच नाचत राहिली. अमेव्होरला वाटलं, आपल्यासाठी. त्याने घरी जाऊन आईला सांगूनही टाकलं. त्याची आई नारळाची दारू घेऊन आब्लाच्या घरी मागणी घालायला गेली आणि बाटली तशीच परत घेऊन आली.

डोत्से आणि आब्लाचं लग्न झालं. त्या लग्नात घंटा कोणी वाजवली? डोत्सेने. नवरी नवऱ्याच्या भावाबरोबर नाचली. पुढे त्यांची मुलगी झिफा झाली, मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिथेही तेच. इतक्या वर्षांत आब्ला गावातल्या प्रत्येक पुरुषाबरोबर नाचली, ज्यांना नाचता येत नाही त्यांच्याबरोबरही. नवऱ्याबरोबर एकदाही नाही. ती कधी तक्रार करायची नाही. निदान आमच्या कानावर आली नाही, आणि माझे तेव्हा दोन्ही कान शाबूत होते.

मग तिचे गुडघे गेले. पायऱ्या चढताना ती भिंत धरून तिच्याशी बोलायला लागली. गेल्या सुगीनंतर म्हातारा क्लूत्से वारला आणि आमच्याकडच्या रिवाजाने त्याचं मयत शनिवारी ठरलं. त्याआधीच्या बुधवारी, निंबाखाली आमची तालीम चालू होती, तेव्हा ती मध्येच उठून उभी राहिली.

"शनिवारी म्हाताऱ्या क्लूत्सेच्या मयताला मी नाचणार," ती म्हणाली. "तेवढंच. त्यानंतर मी म्हाताऱ्यांच्या बाकावर बसून गाणार."

सगळ्यांना वाईट वाटलं. आमचा अध्यक्ष गामेली दोन शब्द बोलायला घसा खाकरू लागला.

"भाषण नको," आब्ला म्हणाली. "मला जोडीदार हवाय. एकच."

पुरुषांच्या बाजूला जरा हालचाल झाली. दोघांनी शर्ट सारखे केले. आब्लाने हात करून डोत्सेकडे दाखवलं.

"तो घंटेवर आहे," गामेली म्हणाला.

"माहितीय मला. लग्न झाल्यापासून माहितीय."

डोत्सेने घंटेकडे बघितलं, मग तिच्याकडे. माणसाने अशा वेळी काही बरं बोलावं. तो म्हणाला, "मग घंटा कोण धरणार?"

आब्ला खाली बसली आणि त्या तालमीत पुन्हा उठली नाही. घरी तिने त्याला मक्याचा गोळा आणि भेंडीची आमटी वाढली आणि पाठ करून बसली. हे मला डोत्सेने दुसऱ्या दिवशी वाफ्यावर सांगितलं. आमटीत मासा नव्हता, हेही सांगितलं.

"एफो, तुला काय वाटतं, ती घंटेवरून रागावलीय?"

"मग?"

"तू 'कोण धरणार' विचारलंस म्हणून रागावलीय. अरे, 'हो' म्हणायचं आणि मग विचारायचं."

तो बराच वेळ पाणी घालत राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याचा हात ठेका सोडून चालताना बघितला. एका वाफ्यात तळं झालं. मग तो घरी गेला, खाटेच्या वर टांगलेली घंटा काढली आणि एलिकेमकडे घेऊन गेला. त्या घंटेला त्याने आजवर कोणाला हातही लावू दिला नव्हता.

एलिकेम आमच्याकडे भोपळ्याचा खुळखुळा वाजवतो आणि एरवी मिनीबस चालवतो. माणूस चांगला, पण त्याला रिकामी जागा दिसली की पुढे घुसायची सवय. आणि घंटेच्या ठेक्यात खरं काम रिकाम्या जागेचंच असतं. डोत्से दोन संध्याकाळी त्याच्यासमोर बसला. "इथे थांब," तो सांगायचा. "थांबलो की," एलिकेम म्हणायचा. "नाही. तू ब्रेकवर पाय ठेवलास, थांबला नाहीस."

शनिवारी क्लूत्सेच्या अंगणात मांडव उभा राहिला. काळ्या-तांबड्या कापडातली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. आम्ही वाजवायला लागलो. तिसऱ्या गाण्याला आब्ला उठली. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या, हातात पांढरा रुमाल. ती आमच्या रांगेसमोर आली आणि डोत्सेसमोर खांदे हलवू लागली, लग्नाआधी आली होती तशी. डोत्सेने ठेका न मोडता घंटा एलिकेमच्या हातात सरकवली आणि उभा राहिला.

ढोल चालू असताना तो उभा आहे हे दृश्य गावाने कधी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःही पाहिलं नव्हतं. तो पायांकडे असं बघत होता, जणू स्वतःचे घरी राहिलेत आणि हे कोणा दुसऱ्याचे आहेत. मग नाचायला लागला. नाच कसला, उजवा हात हवेत न दिसणारी काठी आपटत होता आणि पाय त्या काठीचं ऐकत होते, ढोलाचं नाही. अमेव्होरने वळायचा बोल दिला. आब्ला वळली. डोत्से सरळच गेला आणि क्लूत्सेच्या मेहुण्यावर आदळला. मांडव हसला. मयताघरचे लोकही हसले. आब्लाने त्याचं मनगट धरून त्याला परत आणलं, आणि तिचा चेहरा मी तिरक्या डोळ्यांनी बघितला. ती इतकी खूश मला आधी कधी दिसली नव्हती. बघता बघता ढोलावरचा माझा एक ठोका चुकला.

तेवढ्यात एलिकेमला रिकामी जागा दिसली.

घंटा थोडी पुढे गेली. मी तिच्यामागे पळालो, छोटा ढोल माझ्यामागे, आणि अमेव्होर ओरडला, "ओढ! मागे ओढ!" एलिकेमने ओढायच्या ऐवजी आणखी दाबली. डोत्सेची मान वळली. सगळ्या मांडवाला माहीत होतं की तो आता येणार, घंटा हिसकावणार आणि सगळं जागेवर आणणार. त्याने एक पाऊल आमच्याकडे टाकलंसुद्धा.

"जा," आब्ला म्हणाली. तिचे खांदे थांबले नव्हते. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला ऐकवलं नाही. "जा तुम्ही. घंटा बिघडलीय."

डोत्से मध्येच उभा. समोर घंटा, मागे बायको. मग तो आमच्याकडे पाठ करून तिच्याकडे वळला.

घंटा कोसळली आणि तिच्यावर आम्ही. आमच्या मंडळाचा ठेका मयतात मोडल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. मांडवात शांतता झाली. एलिकेम घंटा मांडीत घेऊन बसला होता, आता कोणीतरी लायसन्स मागणार असं तोंड करून.

आणि ते दोघं नाचतच होते. मला आधी कळेना कशावर. मग उजवा कान पुढे केला तेव्हा ऐकू आलं. डोत्से तिच्या कानाशी तोंडाने घंटा म्हणत होता. "तिं, गो, गोगो, गो, गो, गो." तीच गती, त्याच जागा. छोट्या ढोलवाल्याने काठ्या उचलल्या तर अमेव्होरने त्याच्या हातावर चापट मारली. "ठेव खाली," तो म्हणाला. "आपलं काम नाही हे." ज्याची आई बाटली परत घेऊन आली होती तोच अमेव्होर.

आब्लाचा गुडघा वाकला तेव्हा ते थांबले. डोत्सेने तिला खांद्याचा आधार देऊन म्हाताऱ्यांच्या बाकावर नेऊन बसवलं, परत आला, एलिकेमच्या मांडीतून घंटा घेतली आणि जिथे मोडलं होतं तिथून सुरू केलं.

बुधवारी तालमीला गामेलीने दंड सांगितला. मंडळ म्हटलं की नियम आले. घंटा बिघडवल्याबद्दल एलिकेमने दारूची एक बाटली, जागा सोडल्याबद्दल डोत्सेने एक. डोत्सेला हे ठाऊकच होतं. त्याने पिशवीतून बाटली काढून ठेवली. मग दुसरी काढून शेजारी ठेवली.

"दुसरी कशाची?" गामेलीने विचारलं. "दंड एकच आहे."

"झिफाची आई आता माझ्या शेजारी बसणार," डोत्से म्हणाला. "इथे, वाजवणाऱ्यांच्या रांगेत."

"बायका त्या रांगेत बसत नाहीत."

"म्हणून तर बाटली."

गामेलीने बाटलीकडे बघितलं, अमेव्होरकडे बघितलं. अमेव्होर ढोलाची दोरी ताणण्यात फार गुंतला होता. आब्ला आपला स्टूल एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात घेऊन निंबाखाली येतच होती.

"ऊठ फोली," डोत्से मला म्हणाला. "पलीकडे सरक."

मी उठलो. माझ्या जागेवर आब्ला बसली आणि मी डोत्सेच्या दुसऱ्या बाजूला गेलो. तेव्हापासून घंटा माझ्या उजव्या कानाशी वाजते आणि आता तोही जाणार. जाईपर्यंत मला एक गोष्ट ऐकू येते, जी त्या रांगेत आणखी कोणाला ऐकू येत नाही. तो मध्येमध्ये तिला हळूच विचारतो, "झाली का पक्की?"

आणि ती म्हणते, "जवळ आली."