दुसरी पास

रामाकोन्यात आजोबांच्या शाळेत गुरुजींनी जुनं दाखल-खारीज रजिस्टर माझ्यापुढे उघडलं, तसा पानांतून वाळल्या कडुलिंबाचा वास आला. घराण्याची वंशावळ पुरी करायची म्हणून मी आजोबांचं नाव शोधत होते. बोट थांबलं ते त्यांच्या बहिणीच्या नावावर. गया, दुसरी पास. घरात सगळेच तिला आत्या म्हणत आणि अडाणी समजत.

मला पांढुर्ण्याचं आमचं अंगण आठवलं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि वहीत हीच वंशावळ लिहीत होते. आत्या शेजारी कोवळ्या उन्हात वातींसाठी कापसातली सरकी काढत होती.

"काय लिहून राहिली वं?"

मी सांगितलं.

"मंग माह्या मायचं नाव कुठी हाय त्याच्यात?"

"बायकांची नावं नसतात, आत्या."

तिनं लुगड्याला हात पुसून पुढे केला. "दे इकडं पेन. मी लिहितो."

"तुला लिहिता येते?" मी मोठ्यानं हसले.

तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं पुन्हा कापूस उचलला. "राहू दे," एवढंच म्हणाली.

आता तहसिलीतले कागद पाहून झाले, नेटवर फुकट मिळणाऱ्या वंशावळींच्या याद्याही चाळल्या. पणजोबा सगळीकडे सापडतात. पणजीचं, म्हणजे आत्याच्या मायचं, नाव कुठंच नाही.

अंगणातल्या त्या सकाळनंतर आत्या चार वर्षं आमच्यातच होती. मी तिला ते नाव एकदाही विचारलं नाही.